फॅन पेजला दोन स्ट्राइक आले, आता पोलीस येतील का?

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. ऐकताना कलमांचे नंबर लक्षात राहत नाहीत, अशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार होती. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहून काढलंय. भाषा बोललो तशीच ठेवलीय, त्यामुळे मधेच गाडी दुसऱ्या रस्त्याला लागली तर सांभाळून घ्या.

प्रश्न आलाय रिसोड तालुक्यातून, व्हॉइस मेसेजवर. नाव सांगत नाही. पोरगं एकोणीस वर्षांचं. एका गायकाचं फॅन पेज चालवतं. गाण्याचे तुकडे, सिनेमातले सीन, वर स्वतः लिहिलेल्या ओळी, असे स्टेटसचे एडिट सगळे मोबाइलवरच बनवतं. पेज बघून लोक त्याला लग्नपत्रिकेचे आणि वाढदिवसाचे व्हिडिओ बनवायला देतात, त्यातून चार पैसे सुटतात. आता त्याच्या चॅनलला दोन कॉपीराइट स्ट्राइक आलेत. गावातल्या कोणीतरी वडलांना सांगितलं की कॉपीराइटमध्ये पोराला आत टाकतात. वडलांनी मोबाइल काढून घेतला. मेसेज त्याने मित्राच्या फोनवरून पाठवलाय: "दादा, पोलीस येतील का? अन् तिसरा आला तर सगळं जाईन का?"

दोन प्रश्न आहेत आणि दोघांची उत्तरं वेगळी आहेत. आधी दुसरं घेतो, ते सोपं आहे.

यूट्यूबवर 'क्लेम' आणि 'स्ट्राइक' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. लोक दोन्हीला एकच समजून घाबरतात. क्लेम बहुतेक वेळा मशीन टाकतं. कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आहे, २००७ पासून. कंपन्या आपली गाणी आणि सिनेमे त्यात आधीच देऊन ठेवतात. तुम्ही व्हिडिओ चढवला की मशीन त्याचा ठसा त्यांच्या ठशांशी ताडून बघतं. जुळलं, तर मालकाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं की आवाज बंद करायचा, व्हिडिओ अडवायचा, का चालू देऊन जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे. यात सहसा चॅनलला धोका नसतो. स्ट्राइक वेगळा. मालकाने रीतसर कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की स्ट्राइक येतो. नव्वद दिवसांत असे तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. नव्वद दिवस नीट गेले आणि त्यांचा तो छोटा कॉपीराइटचा धडा पूर्ण केला, तर स्ट्राइक उतरतो.

म्हणजे याच्या हातात सध्या एक सरळ काम आहे. दोन्ही स्ट्राइकच्या तारखा बघायच्या, आणि पहिला उतरेपर्यंत दुसऱ्याच्या गाण्याचं काहीही चढवायचं नाही. जुने व्हिडिओ तपासून ज्यांत धोका वाटतो ते स्वतःच काढायचे. त्यामुळे आलेला स्ट्राइक उतरत नाही, पण तिसरा यायची शक्यता कमी होते.

आता पोलीस.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितलं. तेव्हा गावातल्या त्या माणसाचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. पण याच कलमात पुढे असंही आहे की उल्लंघन धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल, तर कोर्ट कारणं नोंदवून कमी शिक्षा देऊ शकतं. आणि स्ट्राइक म्हणजे एफआयआर नव्हे. तो एका खासगी कंपनीचा नियम आहे. त्याची खबर आपोआप वाशीमच्या ठाण्यात जात नाही. मालकाला फॅनच्या एडिटचा त्रास झाला तर तो साधारणपणे व्हिडिओ काढायला लावतो, तिथेच विषय संपतो. फौजदारीचा दणका प्रामुख्याने बसतो तो पूर्ण सिनेमे वाटणाऱ्यांना आणि त्यातून पैसे काढणाऱ्यांना. वडलांना हा परिच्छेद वाचून दाखव, बाबू.

मग फॅन एडिट कायद्याने चालतो का? इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. खाली 'क्रेडिट टू ओनर' लिहिलं की चालतं. दहा सेकंदांच्या आत असलं की चालतं. पिच बदलला की चालतं. यातलं एकही वाक्य कायद्यात नाही. कायद्यात कलम ५२ आहे, आणि त्यात 'फेअर डीलिंग' म्हणजे रास्त वापराची ठरावीक कारणं दिलीत: खासगी वापर आणि संशोधन, समीक्षा किंवा टीका, चालू घडामोडींचं वार्तांकन. अमेरिकेत मोजपट्टी वेगळी आहे. तिथे कोर्ट चार गोष्टी तोलून बघतं, आणि त्यात तुम्ही मूळ गोष्टीचं काही नवं केलं का, याला बरंच वजन असतं. आपण रोज जे इंग्रजी व्हिडिओ बघून कायदा शिकतो, तो तिकडचा असतो. वापर इकडे, नियम तिकडचे, असा घोळ आहे. गाण्यावर बोललात, त्यातलं काय आवडलं, काय फसलं हे सांगताना तुकडा वाजवला, तर तुमची बाजू बरी आहे. नुसता सीन घेऊन वर गाणं टाकलं आणि फुलं उडवली, तर कठीण आहे.

कठीण का, ते 'झिंगाट' वरून बघू. २०१६ मध्ये 'सैराट' आला, आणि त्यानंतर आपल्याकडे असं लग्न झालं नसेल ज्यात हे गाणं वाजलं नाही. आपल्याला ते एक गाणं दिसतं. कायद्याला त्यात थर दिसतात. शब्द वेगळे, चाल वेगळी, स्टुडिओत झालेलं रेकॉर्डिंग वेगळं, गाणाऱ्याचा गळा वेगळा, आणि पडद्यावरचं चित्र आणखी वेगळं. पुढे याच चाली २०१७ मध्ये कन्नडमधल्या 'मनसु मल्लिगे'त गेल्या आणि २०१८ मध्ये हिंदीतल्या 'धडक'मध्ये. जिथे शब्द नवे झाले, तिथे नव्या शब्दांवर नव्या कवीचा हक्क आला, चालीवरचा जुना तसाच राहिला. हे सगळं परवानगीने आणि पैशाने झालं. आपण मोबाइलवर जे करतो ते साधारण तेच असतं, फक्त विचारलेलं नसतं.

या थरांची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन मोकळं होतं. तुकोबांचा अभंग कधीच मोकळा आहे. तुम्ही स्वतः म्हणा, पेटीवर वाजवा, रॅप करा, कोणी अडवू शकत नाही. पण एखाद्या मोठ्या गायकाने गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग मोकळं नाही. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं चालतो, आणि त्या गायकाने बांधलेली चाल नवी असेल तर तिचा हक्क वेगळाच. आता आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ऑक्टोबर १९६८ मध्ये गेले. साठ वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांवरचा आणि ग्रामगीतेवरचा हक्क २०२८ च्या डिसेंबरअखेर संपतो. १ जानेवारी २०२९ ला ते सगळं तुमचं, माझं, सगळ्यांचं. ज्यांना भजनांचं चॅनल काढायचं आहे त्यांनी ही तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर तोही घेऊन टाकू, कारण यावर मंगरुळपीर आणि मानोऱ्याहून डीजेवाल्यांचे तीन मेसेज आहेत. वरातीत गाणं वाजवायला परवाना लागतो का? नाही लागत. कलम ५२ मध्येच लिहिलंय की धार्मिक विधीत आणि सरकारी समारंभात गाणं वाजवणं हे उल्लंघन नाही, आणि धार्मिक विधी म्हटलं की त्यात लग्नाची वरात व लग्नासोबतचे इतर कार्यक्रमही आले. केंद्र सरकारच्या खात्याने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा सांगितलं. गोवा सरकारनेही अशाच अर्थाचं परिपत्रक काढलं होतं. संगीत कंपन्या मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठात गेल्या आणि २०२४ मध्ये कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं. पण नीट समजून घ्या, रद्द झालं ते परिपत्रक. कायद्यातली तरतूद आहे तिथेच आहे, फक्त तिचा अर्थ सरकारने स्वतःच्या कागदाने ताणायचा नाही, असं त्याचं सार.

आता गंमत बघा. वरातीत 'झिंगाट' वाजलं, कायदेशीर. काका नाचले, कायदेशीर. तुम्ही काकांचा व्हिडिओ काढून चॅनलवर टाकला आणि आवाज गायब! काहून? कारण सूट आहे ती त्या समारंभात गाणं वाजवण्याला. तोच आवाज इंटरनेटवरून जगाला ऐकवणं ही कायद्याच्या भाषेत दुसरी क्रिया झाली. आणि मशीनला वरात काय कळते? त्याला फक्त ठसा जुळलेला दिसतो.

इथे थोडं वाशीमच्या इतिहासात शिरतो. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नका.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखर नावाच्या संस्कृत लेखकाने हजारेक वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसा' लिहिली. त्यात काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लागतं, आणि ते कुठे लागतं? विदर्भातल्या वत्सगुल्माला. म्हणजे कवितेची वरात आपल्या गावातून निघालेली आहे, आणि तिला परवाना लागला नव्हता. या वत्सगुल्म शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत, 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. ते आज कुठेही पूर्ण सापडत नाही. मग ते होतं हे आपल्याला कसं कळतं? नंतरच्या लेखकांनी त्यातले तुकडे आपल्या ग्रंथांत उचलून घेतले म्हणून. 'बघा, याने हे किती छान लिहिलंय' म्हणत भोज आणि हेमचंद्रासारख्यांनी त्याच्या ओळी दिल्या. मूळ फाइल उडाली, एडिट उरले.

म्हणून कोणी म्हणालं की फॅन लोक नुसते चोर आहेत, तर मला ते पटत नाही. आणि मी एकटाच असं म्हणतोय असं नाही, यावर पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्येच टीव्ही मालिकांच्या चाहत्यांवर पुस्तक लिहिलं. चाहते नुसते बघत नाहीत, त्यातून स्वतःचं काही घडवतात, हे त्यांनी दाखवलं. तिकडच्याच कोलोरॅडो विद्यापीठातल्या केसी फिसलर यांचा विषय तर थेट आपलाच आहे: चाहत्यांचे ऑनलाइन समूह, कायदा आणि तंत्रज्ञान. त्यांनी सहकाऱ्यांसोबत चाहत्यांशी बोलून अभ्यास केले. त्यातून दिसलेल्या दोन गोष्टी मला फार जवळच्या वाटतात. एक, कायदा धड माहीत नसल्यामुळे लोक घाबरून बनवणंच थांबवतात, जे बनवायला मोकळीक आहे तेसुद्धा. रिसोडच्या पोराचा काढून घेतलेला मोबाइल आठवा. दुसरी, या समूहांचे स्वतःचे न लिहिलेले नियम असतात आणि लोक कायद्यापेक्षा ते जास्त पाळतात. मूळ निर्मात्याचं नाव घ्यायचं. दुसऱ्याच्या कामावर आपण गल्ला भरायचा नाही.

हे आपल्याकडे नवीन थोडंच आहे? कीर्तनात दुसऱ्याचा अभंग कितीही वेळा म्हणा, पण शेवटचं 'तुका म्हणे' किंवा 'एका जनार्दनी' गाळून दाखवा बरं. समोरची आजीच उठेल. आपल्या एडिटवाल्या पोरांमध्येही तेच. गाणं उचललं तर कोणी काही बोलत नाही, पण दुसऱ्याच्या एडिटवरचा वॉटरमार्क उडवून स्वतःचा टाकला की ग्रुपवर दंगल. गंमत अशी की कायदा नेमका उलटा आहे. नाव घेतलं म्हणून उल्लंघन माफ होत नाही.

पैशाबाबत मात्र समूहाचा नियम आणि कायदा बराच जवळ येतो. आपल्या श्रोत्याने मेसेजमध्ये ओघात एक गोष्ट सांगितली, जी मला स्ट्राइकपेक्षा गंभीर वाटते. त्याने दोन एडिटच्या शेवटी एका मोबाइलच्या दुकानाची जाहिरात जोडलीय. पाचशे पाचशे रुपये घेऊन. त्या क्षणी ते फॅनचं प्रेम राहत नाही, दुसऱ्याच्या गाण्यावर केलेली जाहिरात होते. कलम ६३ मधली कमी शिक्षेची वाट तिथे बंद होते. रील बनवणाऱ्या ॲपमध्ये आयती गाणी मिळतात, ती साध्या वापरासाठी असतात. दुकानाच्या जाहिरातीसाठी तीच गाणी चालतील असं समजू नका, बिझनेस खात्याला वेगळी, छोटी यादी मिळते ती त्यामुळेच. ते दोन व्हिडिओ आजच काढ आणि दुकानदाराला पैसे परत करायचे असतील तर कर. जाहिरातच हवी असेल तर स्वतःच्या आवाजात, ॲपमधल्या मोफत संगीतावर बनवून दे.

आता आवाजाचा विषय. हा नवा आहे आणि यात पोरं नकळत अडकतायत. 'अमुक गायकाच्या आवाजात तमुक गाणं' असे एआयने बनवलेले एडिट तुम्ही रोज ऐकता. जुलै २०२४ मध्ये अरिजीत सिंग यांच्या बाजूने मुंबई हायकोर्टाने अंतरिम आदेश दिला: परवानगीशिवाय त्यांचा आवाज, नाव, प्रतिमा यांची एआयने नक्कल करून वापर करायचा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये याच कोर्टाने आशा भोसले यांनाही असंच संरक्षण दिलं. कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलाकाराचा नैतिक हक्कही आहे. त्याच्या सादरीकरणाची मोडतोड करून नाव खराब केलं तर तो आक्षेप घेऊ शकतो. हे आदेश मुख्यतः अशी साधनं विकणाऱ्यांवर आणि कमाई करणाऱ्यांवर होते, आणि टीका, टिप्पणी करायला मोकळीक आहे हेही अरिजीत प्रकरणात कोर्टाने मान्य केलं. तरी माझं मत सरळ आहे. सीन उचलणं आणि गळा उचलणं यात फरक आहे. गाण्याचा तुकडा घेतला तर त्या माणसाने जे गायलं तेच आपण वाजवतो. गळा घेतला तर त्याने जे कधी म्हटलंच नाही ते त्याच्या तोंडी घालतो. खरा फॅन हे कशाला करेल?

शेवटचा मुद्दा, सगळं जाण्याचा. तिसरा स्ट्राइक न येताही सगळं जाऊ शकतं, हे आपण पाहिलेलं आहे. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि टिकटॉक बंद झालं. आपल्या खेड्यापाड्यातल्या पोरापोरींनी वर्ष वर्ष खपून जमवलेले फॉलोअर गेले, अनेकांचे व्हिडिओही गेले. २००७ मध्ये लाइव्हजर्नल नावाच्या साइटने चाहत्यांची शेकडो खाती अशीच अचानक बंद केली होती. तिकडच्या चाहत्यांनी, ज्यात बहुसंख्य बाया होत्या, त्याच वर्षी स्वतःची संस्था काढली. स्वतःच्या साइटचं कोडिंग केलं, काही जणी ते करता करता प्रोग्रॅमिंग शिकल्या, आणि मदतीला वकीलही जोडले. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे त्या साइटचं नाव, २०१९ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आपल्याकडे एवढं लगेच होणार नाही, पण निदान स्वतःच्या एडिटच्या मूळ फाइली ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हमध्ये ठेवा, आणि खात्याच्या सेटिंगमधून डेटा डाउनलोड करून घ्या.

आणि तुमचा व्हिडिओ चुकीने काढला गेला असं खरंच वाटत असेल, म्हणजे तुम्ही समीक्षा केली होती किंवा आवाज तुमचाच होता, तर गप्प बसू नका. यूट्यूबवर प्रतिसूचना देता येते. आपल्या कायद्यातही आहे: मालकाची तक्रार आली की साइटने ३६ तासांत ती गोष्ट बंद करायची, पण मालकाने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर साइट ती पुन्हा चालू करू शकते. प्रतिसूचनेत खरं नाव, पत्ता द्यावा लागतो आणि तो समोरच्याकडे जातो. म्हणून ती रागात भरू नका, घरच्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून भरा. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारून घ्या. मोफत वकिलासाठी कोण पात्र आहे याचे नियम आहेत, आणि बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक त्यात उत्पन्न न बघताच येतात.

पुढच्या एपिसोडमध्ये लेंगी गाणाऱ्या मानोऱ्याकडच्या मंडळींशी बोलणार आहे. परंपरेच्या गाण्याचं रेकॉर्डिंग दुसऱ्यानेच विकलं तर हक्क कोणाचा, हा त्यांचा प्रश्न आहे. तुमचे मेसेज पाठवत राहा. आणि रिसोडच्या मित्रा, तारखा बघून कळव.